मिलोच्या डब्यातली वाटी

मे सरत आला की रस्त्यावरून लोकांचे संसार जायला लागतात. टेम्पोत उलटं घातलेलं टेबल, त्याच्या चार पायांत कोंबलेली गादी, गादीवर तुळशीची कुंडी आणि कुंडी धरून बसलेलं घरातलं एखादं वैतागलेलं माणूस. घरात बऱ्या दिसणाऱ्या वस्तू रस्त्यावर आल्या की अगदी ओशाळवाण्या दिसतात. असे टेम्पो बघत खिडकीत उभं राहायची मला वाईट खोड आहे. कुणाच्या गादीला ठिगळ आहे, कुणाच्या कपाटाचं दार दोरीने बांधलंय, सगळं मी बघून घेते. यंदा मात्र बघायला फुरसत नाही, कारण यंदा टेम्पो माझ्याच दारात लागणार आहे. वीस वर्षं नाशकात काढून मी पुण्याला लेकीजवळ राहायला निघाले आहे.

हल्ली म्हणे हे काम फार सोपं झालंय. फोन केला की टोप्या घातलेली चार पोरं येतात आणि दिसेल ते गुंडाळतात. काल त्यांनी माझी केरसुणी प्लास्टिकात गुंडाळली, तिच्यावर चिकटपट्टी मारली आणि वर लिहिलं, 'नाजूक'. मी म्हटलं, अरे बाबांनो, चाळीस वर्षांच्या संसारात मला कुणी नाजूक म्हटलं नाही, आणि केरसुणीला काय म्हणता! पोरं हसली. मग त्यातल्या एकाने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "आजी, इकडचं सगळं भरलं. काही राहिलंय का?"

हा प्रश्न मला सोसत नाही. घर सोडताना तर मुळीच नाही. ओट्यावर दोनच वस्तू उरल्या होत्या. एक समोरच्या श्वेताचा स्टीलचा डबा, ज्यातून तिने परवा ढोकळा पाठवला होता. आणि दुसरी एक काशाची वाटी. डब्याचं बघू म्हटलं, आणि वाटी उचलून माझ्या पर्समध्ये घातली.

आमच्या लहानपणी बदली हा एक ऋतूच होता. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि बदली. दादा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. परीक्षा संपल्या की दर संध्याकाळी आई त्यांच्या तोंडाकडे बघायची. चपला काढायच्या आत त्यांनी पाणी मागितलं तर यंदा वाचलो. गप्प बसून टोपी खुंटीला अडकवली, की समजायचं, ऑर्डर आली. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी टोपी अडकवली आणि बराच वेळ खुंटीकडेच बघत राहिले. नगरहून कोल्हापूर. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

नगरला आम्ही दिल्ली दरवाज्याच्या आत एका ओळीतल्या दोन खोल्यांत राहायचो. मागे परस, आणि आमच्या नि शेजारच्या परसामध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे गयामावशी. माहेर तिसगावचं, घरची शेती. तिचे मालक तात्या एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्या वेण्या कोण घालणार यावरून तिचं आणि आईचं रोज सकाळी भांडण. आई बोलायची ते तिच्या तिलाच ऐकू जायचं. गयामावशी बोलली की समोरच्या दुकानदाराला कळायचं आमच्याकडे आज कोणती भाजी आहे. या दोघींचं कसं जमलं देव जाणे. पण आईला मी पोट धरून हसताना पाहिलं ते त्या भिंतीपाशीच. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

त्या भिंतीवरून दिवसभर वाट्या जायच्या यायच्या. मावशीकडून शेंगोळी, ठेचा, हुलग्याचं माडगं. आमच्याकडून मेतकूट, साखरांबा, मुगाची खिचडी. नियम एकच, वाटी रिकामी परत द्यायची नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामी नाही. त्यामुळे दिलेली वाटी भरून परत यायची, ती संपवून पुन्हा भरून जायची, आणि हे थांबवायचं कुणी हा प्रश्नच कुणाला पडत नसे. एकदा आमच्याकडे खरंच काही नव्हतं, तेव्हा आईने वाटीत मोगऱ्याची चार फुलं घालून पाठवली. भिंतीवरून मावशीचा आवाज आला, "वैनी, ही कढीत घालू का परतून खाऊ?" आई हसता हसता खालीच बसली.

मावशीच्या सगळ्या वाट्यांत एक काशाची होती. तिच्या आईने लग्नात दिलेली. वाटीच्या काठाखाली ठोक्याठोक्यांनी नाव घातलेलं, 'गया, तिसगाव'. ती वाटी इतर कुणाच्या घरी जात नसे, फक्त आमच्याकडे. दुष्काळाच्या वर्षी नळ पहाटे जेमतेम अर्धा तास यायचा, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिळायची, आणि तिच्या भाकरीला काय चव असते ते ज्यांनी खाल्ली त्यांनाच विचारा. वाटीत यायचं ते कमी कमी होत गेलं. चमचाभर चटणी, अर्ध्या वांग्याची भाजी. पण वाटी यायची थांबली नाही.

आता सामान बांधणं. दादांना याद्या करायचा नाद. त्यांनी तेलरंगाचा डबा आणून घरातल्या प्रत्येक वस्तूवर नंबर घातले. बंब नंबर तीन. जातं नंबर सात, दोन्ही दगड मिळून. पाट्याला अकरा आणि वरवंट्याला बारा. आई म्हणाली, "अहो, वरवंटा काय पाटा सोडून पळून जाणार आहे?" दादा म्हणाले, "तुला कळत नाही, पद्धत असते." अकरा नंबर कोल्हापूरला पोचला. बारा नंबर नगरलाच राहिला, आणि पुढे सहा महिने आई नदीवरच्या गोट्याने चटणी वाटत होती. तेवढे दिवस दादा जेवताना चटणीबद्दल अवाक्षर काढत नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी चूल पाडली. सकाळीच मावशी भिंतीवरून वाकून म्हणाली, "वैनी, चूल मोडली न्हवं? मग आज दोन्ही टायमाला माझ्याकडनं. आन् आडकाठी करू नगा, आमी काय परके हाय का?" दुपारी तिने भाकरी आणि काशाच्या वाटीतून पिठलं दिलं. घोटभर पिठलं तिघांत. पुढचं मला रोजच्या रोज आठवतं, त्यामुळे ते नीट सांगते.

आईने ती वाटी घासली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. "मावशीला देऊन ये. आणि रिकामी देऊ नकोस हं." एवढं सांगून ती दादांशी वरवंट्यावरून भांडायला गेली. मी वाटी घेऊन घरभर हिंडले. साखरेचा डबा ट्रंकेत, ट्रंक दोरीने बांधलेली, दोरीवर नंबर. गूळ नाही, शेंगा नाहीत, मोगरा पाण्यावाचून कधीच वाळलेला. एकच डबा बांधायचा राहिला होता, मिलोचा. दादांचं म्हणणं, अन्न टाकायचं नसतं, म्हणून ती उरलेली मिलोसुद्धा कोल्हापूरला निघाली होती! मी डब्यात हात घालून वाटी भरली आणि भिंतीपर्यंत गेले. तिथे मला लाज वाटली. मिलोला मावशी 'घोड्याचा खुराक' म्हणायची. शेवटच्या दिवशी तिला मिलो द्यायची? मी मागे फिरले. वाटीतली मिलो डब्यात ओतली आणि वाटी तिथेच दाण्यांत खुपसून ठेवली. मनात म्हटलं, सकाळी चहाला दादा साखर आणतील, त्यातली चिमूटभर घालू आणि देऊ.

संध्याकाळी आईने विचारलं, "वाटी दिलीस ना?" मी मान हलवली. वरखाली.

सकाळी चहा दुकानातून आयता आला, साखर घालून. ट्रक तर तासभर आधीच आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, दादा यादी वाचतायत, हमाल नंबरांकडे ढुंकूनही न बघता हाताला येईल ते आत फेकतायत. मिलोचा डबा माझ्या डोळ्यांदेखत वर गेला आणि त्याच्यावर जातं बसलं. मी तुळशीची कुंडी कवटाळून उभी. मावशीने फडक्यात बांधलेल्या भाकरी आईच्या हातात दिल्या. आई म्हणाली, "गयाबाई, सगळं देऊन झालं ना? तुमचं काही राहिलं नाही ना माझ्याकडे?"

मावशीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाई वो वैनी. ऱ्हायचं काय त्यात. लई लांब हाय का वो कोल्हापूर?"

तिला माहीत होतं. लग्नातली वाटी घरात नाही हे बाईला माहीत नसेल? पण निरोपाच्या वेळी माझी वाटी द्या असं कोण म्हणेल! मला एक शब्द बोलता आला असता. नाही बोलले. मी कुंडी आणखी घट्ट धरली.

दादा ट्रकमध्ये, आम्ही दोघी एस.टी.त. आईच्या मांडीवर लोणच्याची बरणी, माझ्या मांडीवर तुळस. साताऱ्यापुढे खिडकीबाहेर हिरवं दिसायला लागलं तशी आई सरसावून बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "हे सगळं खरं आहे का गं?" दोन वर्षं आम्ही हिरवा रंग फक्त बांगड्यांत पाहिला होता.

कोल्हापूरची तर तऱ्हाच वेगळी. दूधवाला म्हैस घेऊन दारात, आणि भांडं तुमच्या हातात. आई त्याला म्हणाली, "पाणी घालू नका हं." त्याने म्हशीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाला, "घालू कुठनं, वहिनी?" शाळेत मुली विचारायच्या, नगर म्हणजे मुंबईच्या अलीकडे का पलीकडे. पण मोठी मौज पहिल्याच संध्याकाळी झाली. नळ सोडला तर पाणी! थांबेचना. आईने कमर कसली. हंडे, कळशा, बंब, पातेली, तांबे, पेले, दादांचा दाढीचा मग, सगळं भरलं. शेजारच्या बाई डोकावल्या. "अगं बाई, काय हो वहिनी, आमच्याकडं नळाला सुट्टी नसती. पेलंबी भरून ठेवलायसा?" आईचं लक्ष कुठे? ती मला म्हणाली, "तो मिलोचा डबा रिकामा कर. त्यात वीस तांबे मावतील."

मी म्हटलं, नको, राहू दे. आईने स्वतःच डबा उचलला आणि वर्तमानपत्रावर पालथा केला. तांबड्या ढिगातून वाटी बाहेर आली आणि फरशीवर टणकन वाजली. काशाचं भांडं पडलं की बराच वेळ वाजत राहतं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघी नुसत्या बघत होतो.

आईने वाटी उचलली. नावावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तेवढ्यात दादा आत आले. "हे काय? ही त्यांची वाटी ना?" आई म्हणाली, "हो. घाईत माझ्याकडूनच भरली गेली." दादा तिला भरपूर बोलले. यादीत असती तर असं झालं नसतं, वगैरे. तिने ऐकून घेतलं. आणि मी, खोटं कशाला सांगू, मी मनात म्हटलं, वाचले.

दादा म्हणाले, उद्याच पार्सल करतो. आई म्हणाली, रिकामी कशी पाठवायची? कोल्हापुरातून पाठवायचं तर गूळच पाठवायला हवा. पण बाजारात गूळ होता तो गेल्या साली काढलेला. नवा दिवाळीला निघेल. मग तिने मावशीला कार्ड टाकलं, वाटी माझ्याकडे आहे, काळजी करू नका. पंधरा दिवसांनी तात्यांच्या अक्षरात उत्तर आलं. 'गया सांगते तसं लिहितो. वाटी पोस्टानं धाडू नका. वैनीनीच घिऊन यावी, म्हंजे वाटीपायी याल तरी. आन् रिकामी आणू नका असंबी म्हनते.' आईने ते कार्ड देवांच्या फळीवर ठेवलं. दहा वेळा वाचलं असेल. आता वाटी नेऊन द्यायची घाई नव्हती. वाटी होती म्हणून जाणं ठरलेलं होतं.

दिवाळीला गुऱ्हाळं लागली. आई स्वतः जाऊन ताजा गूळ घेऊन आली, वाटीत दाबून दाबून बसवला, वर फडकं बांधलं. दादांना रजा मिळेना. मग माझी चाचणी, मग गालगुंड, मग वार्षिक परीक्षेचे जादा तास. आईने आणखी दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. आम्ही म्हटलं, तात्यांना लिहायचा कंटाळा. असं करत मे महिना आला आणि आम्ही दोघी एकदाच्या नगरच्या गाडीत बसलो. मी सगळा रस्ता ठरवत होते, मावशी दिसली की आधी पाया पडायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं. ती कान पिळेल. पिळू दे.

आई पुढच्या दाराने गेली नाही. बोळातून थेट परसात शिरली, भिंतीपाशी उभी राहिली, आणि नेहमीच्या त्या बारीक आवाजात तिने हाक मारली, "गयाबाई, आहात का?" हातातली वाटी तिने भिंतीवर ठेवली होती.

हात पुसत एक अनोळखी बाई बाहेर आली. "कोन पायजे?"

"गयाबाई..."

"त्या व्हय? त्या गेल्या की वो मागल्या श्रावनात. कावीळ झाल्ती. तुमास्नी न्हाई कळलं? त्यांच्या मालकांनी बदली मागून घेतली, पाथर्डीला गेले म्हनत्यात."

आईने भिंतीवरची वाटी उचलली. नंतर स्टँडवर बाकावर बसल्यावर म्हणाली, "श्रावणात म्हणजे तेव्हा ऊस शेतात उभाच होता." एवढंच. आणि मग रडली. माणसांच्या गर्दीत, आवाज न करता, वाटी मांडीवर धरून.

कोल्हापूरची गाडी सोडून आम्ही पाथर्डीच्या गाडीत बसलो. करंजीचा घाट उतरून तिसगाव. मावशीचं माहेर विचारत विचारत सापडलं. तिची आई ओसरीवर शेंगा निवडत होती. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. "कोन म्हनायचं तुमी?" आईने सांगितलं, नगरच्या शेजारी, आणि वाटी तिच्या हातात दिली. म्हातारीने काठाखालच्या ठोक्यांवरून बोट फिरवलं. "ही माझ्या गयाची वाटी." मग म्हणाली, "दुखन्यात लई याद काढायची. वैनी येतीया म्हनायची, वाटी घिऊन येतीया, रिकामी आनायची न्हाई ती."

"माझ्याकडून राहिली," आई म्हणाली. "माझंच चुकलं."

मी तिथेच होते. एका हाताच्या अंतरावर. म्हातारीने गुळाचा खडा मोडून माझ्या हातावर ठेवला होता, तो तोंडात होता. तोंडात गूळ होता म्हणून बोलले नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. असली कारणं मला पटकन सुचतात.

म्हातारीने गूळ काढून घेतला, वाटी धुतली आणि आत गेली. उतरंडीची मडकी हलवल्याचा आवाज येत राहिला. दोन वर्षांच्या दुष्काळातून उठलेलं घर ते, असणार काय. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती वाटीत काठोकाठ बाजरी घेऊन. "घ्या. रिकामी कशी दिऊ?" आई म्हणाली, अहो, तुमच्या लेकीची वाटी, तुम्हीच ठेवा. म्हातारीने मान हलवली. "हितं ठिऊन कुनाकडं धाडू मी? तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

आईने ती वाटी पुढे सात बदल्यांत स्वतःच्या हातात नेली. कधीही रिकामी ठेवली नाही. मूठभर बाजरी असायची, दर साली बदलायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही विचारलं नाही की त्या दिवशी तू मान का हलवलीस. मीही कधी सांगितलं नाही. तिला सगळं माहीत होतं हे मला माहीत होतं, आणि मला वाटायचं, मग सांगायचं काय राहिलंय. सांगायचं राहिलंच होतं. शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी बसले होते तेव्हासुद्धा मी योग्य वेळ शोधत होते. तेव्हाही नाही सांगितलं.

आज रिकाम्या स्वयंपाकघरात मी मोठ्याने म्हटलं, "आई, वाटी मी ठेवली होती." घरात सामान नसलं की आवाज घुमतो. टोपीवाल्या पोराने दारातून विचारलं, "काय म्हणालात आजी?" मी म्हटलं, तुला नाही रे.

मग ओट्यावरचा श्वेताचा डबा उचलला. सवयीने हात साखरेच्या डब्याकडे गेला. साखर खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी, वर लिहिलेलं 'किचन, पाच'. दादा असते तर खूश झाले असते. खालच्या दुकानात जाऊन काहीतरी आणावं असं मनात आलं. चप्पलसुद्धा घातली. आणि मग ती काढली आणि अनवाणीच समोरची बेल वाजवली.

श्वेताने दार उघडलं. "काकू, डब्याची काय घाई होती? पुण्याहून याल तेव्हा द्यायचा." मग झाकण उघडून बघत, मला चिडवत म्हणाली, "आणि हे काय, आज चक्क रिकामा? नेहमी तर काहीतरी घालून देता."

"घालायला काही शोधत बसले असते तर द्यायचा राहून गेला असता," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, खाली टेम्पो उभा आहे म्हणून म्हणतेय.